ड्रॅगनच्या राज्यात पैसा येतो कुठून?

‘टंच’ (म्हणजे धातूची शुद्धता) : पैशाबद्दल वाचकांचे प्रश्न, विट्याच्या एका निवृत्त गलाईवाल्याची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याची, उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी कराडला कॉलेजात शिकते आणि एक अद्भुत कादंबरी लिहिते आहे. डोंगराळ राज्य आहे, गुहेत ड्रॅगन आहे, तो सोन्याच्या नाण्यांच्या ढिगावर झोपतो. माझा नायक खानावळीत जेवतो, सोन्याचं नाणं फेकतो आणि निघून जातो. मैत्रिणीनं हस्तलिखित वाचलं आणि विचारलं, ‘राज्यात खाण नाही, टांकसाळ नाही, सगळं सोनं ड्रॅगनखाली. मग ह्याच्याकडं नाणं आलं कुठून?’ मला उत्तर सुचलं नाही. या राज्यात पैसा कुठून आणू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मैत्रीण हुशार आहे, तिला सोडू नका.

आधी खानावळीचं मिटवू. भाकरी-कालवणाला सोन्याचं नाणं फेकणारं गिऱ्हाईक कुठल्याच खानावळवालीला नको असतं. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, आणि त्याची किंमत त्या काळच्या साधारण साडेतीन रुपयांएवढी. एका जेवणासाठी तो पुढं केला तर बाई सुट्टे आणणार कुठून? ती आधी नायकाकडं बघेल, मग नाण्याकडं, आणि मग पोराला पाठवून सोनाराला बोलावेल. असलं नाणं घेऊन भाकरी खायला येणारा माणूस तरी चोर असतो, नाहीतर नाणं तरी खोटं असतं. बाजारात हिंडायचं ते तांबं. महाराजांची शिवराई तांब्याची होती आणि ती इतकी रुळली की पेशवाई बुडून इंग्रज आले तरी खेडोपाडी चालत होती. नायकाच्या कमरेला तांब्याची पिशवी द्या. जड असते, चालताना वाजते, आणि चोराला लांबून कळते. तुमच्या गोष्टीला ते बरंच आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या राज्यातल्या शेतकऱ्याला वर्षातला बराच काळ नाणं लागतच नाही. लोहार फाळाला धार लावून देतो, सुतार नांगर जोडून देतो, न्हावी डोकी करतो, आणि पैसे कोणी मागत नाही. सुगीला सगळे खळ्यावर येतात आणि आपापलं बलुतं घेऊन जातात. आपल्या माणदेशात, कृष्णाकाठी शेकडो वर्षं असंच चाललं. कोणाचं किती देणं हे गावाला तोंडपाठ असतं. खानावळवालीसुद्धा गावातल्या गिऱ्हाइकाचं भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून लिहून ठेवेल. तुमच्या राज्यातला निम्म्याहून जास्त पैसा असल्या रेघांतच असणार. तो कुठल्या खाणीतून आलेला नसतो. एकानं दुसऱ्याला ‘दे सावकाश’ म्हटलं, की तो तयार होतो.

नाणं लागतं ते अनोळखी माणूस समोर आला की. परमुलखातला घोडेवाला, लढाईवर निघालेला शिपाई, यात्रेतला बांगडीवाला. यांच्या नावानं कोळशाची रेघ ओढून उपयोग नाही, ते पुन्हा दिसतील कशावरून? आणि सगळ्यात मोठा अनोळखी माणूस म्हणजे राजा. तो सारा मागतो आणि म्हणतो, ‘माझ्या शिक्क्याच्या नाण्यातच भरा.’ मग शेतकऱ्याला ते नाणं कुठून तरी मिळवावं लागतं. ते असतं शिपायाकडं, कारण राजानं त्याचा पगार त्यात दिलेला असतो. शिपायाला जोंधळा पाहिजे, घोड्याला कडबा पाहिजे. नाणं शिपायाकडून शेतकऱ्याकडं येतं आणि साऱ्यातून परत राजाकडं जातं. तुमच्या कादंबरीत राजा असणार, फौजही असणार. वसुलीला येणारा कारकून मात्र मला दिसला नाही. तो घाला, निम्मं काम झालं.

राजाकडं धातू असलाच पाहिजे असंही नाही. पेशवाईत टांकसाळीचे परवाने सोनारांना दिलेले असत. लोक आपली चांदी घेऊन जायचे, सोनार मजुरी आणि सरकारचा हक्क कापून रुपये पाडून द्यायचा. त्यामुळं अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच वेळी चालत, आणि एकाचा दुसरा करून घ्यायला सराफ बट्टा कापत. तुमच्या राज्यातही प्रत्येक घाटाच्या तोंडाशी एक सराफ बसलेला दाखवा. तलवारीपेक्षा त्याच्या तराजूला लोक जास्त घाबरतील.

पण राजानं दामटून कोणतंही नाणं चालवता येत नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन रायगडावर तह करायला आला होता. त्याचं एक कलम असं होतं, की इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांचं उत्तर मला माझ्या धंद्यातल्या माणसाचं वाटतं. कुठल्याही नाण्याला मी मनाई करत नाही, पण रयतेचं ज्यात नुकसान होईल ते नाणं घ्यायची बळजबरीही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं चोख आणि वजनदार असेल तर ते चालेल. तुमच्या राजाच्या तोंडी या चालीचं एखादं वाक्य घातलंत तर वाचक त्याला शहाणा म्हणतील.

धातू येतो तो तीन वाटांनी : खाण, व्यापार, लूट. आपल्या देशात खाणीचं सोनं कमीच. कोलारची खाण २००१ साली बंद पडली, रायचूरकडची हट्टीची चालू आहे. तरी घराघरांत सोनं आहे, कारण आपण मिरी दिली, कापड दिलं आणि बाहेरच्यांनी त्याचे पैसे सोन्याचांदीत मोजले. तुमच्या राज्यात काय पिकतं ते पत्रात लिहिलेलं नाही. मी सांगलीचा, म्हणून हळद लावा म्हणेन. परमुलखातल्या राजवैद्याला ती हवी असेल तर नायकाच्या आज्याकडं सोन्याचं नाणं असायला काहीच अडचण नाही.

राहता राहिला ड्रॅगन. आपल्याकडं पुरलेल्या हंड्यावर भुजंग बसलेला असतो, त्याचाच हा परदेशी भाऊबंद. पण हंडा आणि ढीग यात फरक आहे. मी कागदावर हिशेब मांडला. ढीग वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, सरासरी दोन मीटर उंच धरला. मोठ्या जनावराला अंथरूण म्हणून एवढं लागणारच. नाण्यांमधल्या फटी वजा केल्या तर शुद्ध सोन्याचं वजन भरतं सुमारे ४,६०० टन. अमेरिकेच्या फोर्ट नॉक्स या सरकारी तिजोरीत साधारण एवढंच आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेकडं साडेआठशे टनांच्या वर आहे. माणसानं आजवर जगभर खणून काढलेलं सगळं सोनं एकत्र ओतलं तर जेमतेम बावीस मीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा होईल. होनाच्या वजनानं मोजलं तर तुमचा ड्रॅगन १६०-१७० कोटी नाण्यांवर झोपलाय. एका डोंगराळ राज्याची एवढी नाणी असूच शकत नाहीत. तेव्हा एकतर ढीग लहान करा, नाहीतर ड्रॅगनला हजार वर्षं दहा राज्यं लुटू द्या.

दहा राज्यं लुटू दिलीत तर मला आनंद होईल, कारण मग गोष्टीत खरा दम येतो. दरवर्षी ड्रॅगन येतो, बाजारातली नाणी उचलतो आणि गुहेत नेऊन टाकतो. बाजारात माल तेवढाच, नाणी कमी. भाव पडतात. स्वस्ताई झाली म्हणून खानावळीतला प्रवासी खूश होतो, पण ज्यानं सावकाराकडून शंभर नाणी कर्जाऊ घेतलीत त्याच्या पोटात गोळा येतो. घेतली तेव्हा शंभर नाणी म्हणजे वीस पोती जोंधळा होता. फेडायच्या वेळी त्याच शंभर नाण्यांसाठी चाळीस पोती घालावी लागतात. आग लावून पाच घरं जाळणाऱ्या ड्रॅगननं जेवढं केलं नाही तेवढं नुकसान त्याच्या झोपेनं होतं. जमिनी सावकाराच्या घशात जातात. आणि मग एक प्रश्न आपोआप उभा राहतो, तो तुम्ही कादंबरीत नक्की घ्या : ड्रॅगनला मारू नये असं या राज्यात कोणाकोणाला वाटतं?

शहाणा राजा असेल तर तो कागद काढेल. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, तुम्ही ऐकलं असेल. जमिनीत खोल खड्डा, तोंड निमुळतं, आत हळद भरून वरून बंद. हळद एकदा उतरली की जागची हलायची नाही. चिठ्ठी या हातातून त्या हातात जायची आणि मालक बदलायचा. ड्रॅगनची गुहा हे तसलंच पेव समजा. चोर आत शिरत नाही, इतकी चोख तिजोरी राजाला बांधून मिळणार नाही. राजानं जाहीर करावं की गुहेतलं सोनं राज्याचं आहे आणि ही त्याची चिठ्ठी. लोक हसतील असं वाटतं ना? प्रशांत महासागरात याप नावाचं बेट आहे, तिथं दगडाच्या मोठमोठ्या चकत्या पैसा म्हणून चालत. एक दगड आणताना समुद्रात बुडाला. सगळ्यांनी मान्य केलं की दगड आहे, खाली आहे, अमक्या घराचा आहे. ते घर पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंत राहिलं.

फक्त चिठ्ठी घेऊन ‘सोनं द्या’ म्हणायला कोणी येऊ नये. म्हणून राजानं आणखी एक करावं, सारा त्या चिठ्ठीत घ्यावा. मग सोनं कोणाला आठवतं? आपल्या नोटांचं बघा. १९५७ पासून रिझर्व्ह बँकेला नोटांच्या पाठीशी किमान २०० कोटींचा साठा ठेवावा लागतो, त्यात सोनं ११५ कोटींचं. आज चलनात तीस लाख कोटींच्या वर रुपये आहेत. वीजबिल भरून घेतात, पट्टी भरून घेतात, तोवर तुम्ही-आम्ही नोट घेतो.

धोका एकच. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं. चिठ्ठी घरात कोरडी आणि हळद चिखलात. ड्रॅगन एक दिवस उठून उडून गेला आणि गुहेत ढिगाच्या जागी निम्मे दगड निघाले, तर काय होईल ते लिहायला मला वाटतं तुम्हाला एक स्वतंत्र भाग लागेल.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. वर्गात ड्रॅगनची गोष्ट सांगितली. शेवटी ड्रॅगन मेला, गावानं सोनं सारखं वाटून घेतलं, सगळे श्रीमंत झाले. मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, ‘गुरुजी, मग दुसऱ्या दिवशी म्हशीची धार कोण काढणार?’ वर्ग हसला. मीही हसलो, पण काय सांगावं?
— एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, त्या पोराला पुढच्या बाकावर बसवा, नाहीतर मागंच राहू द्या, तिथून जास्त दिसतंय त्याला.

धार तोच काढणार जो काल काढत होता, फक्त शेराला काल एक तांब्याचं नाणं घेत होता तो आज सोन्याचं मागेल. गावात म्हशी तेवढ्याच, दूध तेवढंच, आणि प्रत्येकाच्या घरी हंडा. हे घडून गेलेलं आहे. १३२४ साली मालीचा राजा मनसा मुसा मक्केच्या यात्रेला निघाला आणि वाटेत कैरोत थांबला. बरोबर इतकं सोनं होतं आणि त्यानं ते इतक्या सढळ हातानं वाटलं, की कैरोच्या बाजारात सोन्याचा भाव पडला. बारा वर्षांनी तिथल्या एका लेखकानं लिहून ठेवलं की भाव अजून सावरलेला नाही. माणूस धर्म करायला गेला आणि सराफकट्टा बुडवून आला.

दुसरं उदाहरण स्पेनचं. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसीला चांदीचा डोंगरच सापडला. गुहेतला ड्रॅगन मेल्यासारखंच झालं. जहाजं भरभरून चांदी आली, युरोपभर महागाई वाढत गेली, आणि ज्याच्या अमदानीत हे झालं त्या दुसऱ्या फिलिप राजानं १५५७, १५७५ आणि १५९६ साली सावकारांपुढं हात वर केले. चांदी येणार या भरवशावर त्यानं लढायांसाठी आधीच कर्ज काढलेलं होतं. जहाज बंदराला लागायच्या आत चांदी सावकाराची झालेली असायची. उसाचं बिल हातात यायच्या आधी त्यातून सोसायटीचं कर्ज कापून जातं, ते ज्यांनी सोसलंय त्यांना फोड करून सांगायला नको.

मग सोन्याचं करायचं काय? गोष्टीतल्या गावानं ते एकदम बाहेर काढू नये. थोडं परमुलखात पाठवून तिथून म्हशी आणाव्यात, लोखंड आणावं, विहिरीवर रहाट बसवावेत. गावात नव्हत्या त्या वस्तू आल्या तर श्रीमंती आली. बाकीचं सोनं अडीनडीला ठेवावं. १९९१ मध्ये आपल्या देशाकडं परकीय चलन संपत आलं होतं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं ४७ टनांच्या आसपास सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं तारण ठेवलं आणि सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. तेही ‘आमच्या तिजोरीत आहे, विश्वास ठेवा’ एवढ्यावर भागलं नाही. सोनं विमानात घालून पाठवावं लागलं. तारण ठेवणारा माणूस देश असला तरी दागिना काउंटरवर काढून ठेवावाच लागतो.

वाटणी सारखी करायचा मोह मात्र टाळा. मी वाटण्या पाहिल्या आहेत. पाटल्या दोन आणि सुना तीन असल्या की काय होतं ते पाहिलेला माणूस सबंध गावाला ४,६०० टनांची वाटणी सुचवणार नाही.

प्रश्न : राम राम दादा. मीबी गलाईवाला, सध्या कोइमतूरला असतो. गेल्या महिन्यात तुम्ही या सदरात ड्रॅगनच्या गोष्टीवर प्रश्न मागवले, म्हणून विचारतो. ड्रॅगन तोंडातून आग ओकतो, मग त्याच्याखालची नाणी शाबूत कशी राहतील? आणि तिथं आपल्याला धंदा आहे का?
— खानापूर तालुक्यातला एक भाऊ

उत्तर : राम राम. धंदा आहे, आणि आपला माणूस तिथं आधीच पोचलेला असणार. दुष्काळानं गाव सोडून जो काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत भट्टी मांडून बसला, त्याला ड्रॅगनचं काय!

आगीचं तुझं बरोबर आहे. सोनं १,०६४ अंशांवर वितळतं, चांदी ९६१ वर, तांबं १,०८५ वर. नुसत्या चुलीच्या जाळावर ही वितळत नाहीत, म्हणून तर आपण कोळसा आणि भाता घेऊन बसलो. पण किल्ल्याचा दगड वितळवणारा ड्रॅगन झोपेत एकदा जरी ठसकला तरी अंथरुणाचं पाणी होणार. दहा राज्यांची नाणी, कुठलं चोख, कुठलं निम्मं तांब्याचं, सगळी एकमेकांत मिसळून खाली साचणार आणि गार होऊन एकच लगड होणार. राजांचे शिक्के गेले. आता ते कोणाचंच नाणं नाही, नुसता धातू, आणि टंच कोणालाच ठाऊक नाही. इथून पुढचं काम तुझं आणि माझं.

एका जागेवरून कस घेऊ नको. असला गोळा एकजीव नसतो. डोक्याकडचा टंच वेगळा, शेपटीकडचा वेगळा. चार ठिकाणी खोल भोकं पाडून बुरा घ्यायचा. कसोटीवर अंदाज घ्यायचा, पण सौदा त्यावर करायचा नाही. बुऱ्यात तिप्पट चांदी घालून मुशीत टाकणखाराबरोबर गाळायचा, पातळ पत्रा करायचा आणि तेजाबात सोडायचा. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाला तपकिरी भुकटी राहते, ती धुऊन पुन्हा गाळली की पिवळं हसतं. गुहेत हे करताना धुराकडं लक्ष दे. तेजाबाचा तो तांबूस-पिवळा धूर बंद जागेत छातीत बसतो. भट्टी तोंडाशी मांड, वाऱ्याच्या बाजूला उभा राहा. ड्रॅगनचा धूर परवडला.

नेण्याचं म्हणशील तर कादंबरीवाले इथं हमखास फसतात. घरबांधणीच्या विटेएवढा सोन्याचा तुकडा तीस किलोच्या आसपास भरतो. दहा लिटरची घागर नाण्यांनी भरली तर शंभर किलोच्या वर. पाठीवर पोतं टाकून पळणारा नायक दोन पावलांत बसेल. खेचरं लागतील, आणि खेचरवाला मजुरी रोख मागेल, म्हणजे कराडच्या ताईंचा प्रश्न पुन्हा आलाच.

माझं मत विचारशील तर लगडीच्या नादी लागूच नको. तिच्यावर राजाचा डोळा, सावकाराचा डोळा, दहा राज्यांचे वारस कागद घेऊन येणार. तू गुहेतल्या मातीचा ठेका घे. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी, म्हणजे केर धुऊन सोन्याचे कण काढणारे, विकत घेतात, ते काय उगाच? हजार वर्षं सोन्यावर जनावर कूस बदलतंय, नाण्यावर नाणं घासतंय, त्याच्या खवल्यांत, राखेत, लेंड्यांत, फटीफटीत कण गेलेले असणार. राजाला ती घाण वाटेल, तो फुकट साफ करून घ्यायला बघेल. तू तोंड वाकडं कर, वर चार पैसे साफसफाईचे माग, आणि ठेका वर्षाचा नको, पोरांच्या पिढीपर्यंतचा लिहून घे.